जीपीएस गेलं, ड्रोन वाहायला लागला: आता काय करायचं?

मोहोळ तालुक्यात एका शेतातल्या लग्नाच्या मांडवावर ड्रोन ४० मीटर उंचीवर उभा होता. संध्याकाळचे साडेसहा. खाली वरात निघायची तयारी, हलगीवाले हलगी शेकत बसलेले. स्क्रीनच्या कोपऱ्यात सॅटेलाइटचा आकडा १४ होता, मग ९ झाला, ५ झाला, आणि वर लाल पट्टी आली. मी दोन्ही अंगठे रिमोटच्या स्टिकवरून उचलले. तोवर माझा अनुभव असा, की अंगठे उचलले की ड्रोन जागच्या जागी थांबतो. या वेळी तो थांबला नाही. मांडव सोडून, बांध ओलांडून, निवांत चालीने उसाकडे निघाला. मागून नवरदेवाचे मामा ओरडले, "अहो फोटोवाले, ते चाललंय की तिकडं!"

ड्रोन परत आला, पण त्यात माझं काही कौशल्य नव्हतं. वारा पडलेला होता, एवढंच. त्या दिवशी वाऱ्याला थोडा जोर असता तर मी आज ड्रोन उडवत नसतो, फक्त हप्ते भरत असतो. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत लग्नासाठी, फवारणीसाठी, मोजणीसाठी ड्रोन घेतलेली पोरं खूप झाली. त्यातल्या नवीन लोकांसाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. जीपीएस गेलं म्हणून ड्रोन पडत नाही. मोटारी चालू असतात, आत बसवलेला जायरो त्याला सरळ ठेवतो, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर उंची सांभाळतो. जाते ती एकच गोष्ट: आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, आणि म्हणून वारा नेईल तिकडे तो जातो. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या भाषेत याला ॲटी मोड म्हणतात, आर्डूपायलट या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ड्रोनमध्ये जवळपास हीच गोष्ट ऑल्टहोल्ड नावाने असते. ड्रोन तुमचा हुकूम पूर्ण ऐकत असतो. फक्त ब्रेक आता तुमच्या अंगठ्यात असतो.

"सिग्नल गेला" म्हणजे नेमकं काय गेलं?

आपल्याकडे काहीही बिघडलं की सिग्नल गेला म्हणायची पद्धत आहे. ड्रोनच्या बाबतीत हा एक शब्द तीन वेगळ्या रोगांना लावला जातो, आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

रिमोट आणि ड्रोन यांच्यातला दुवा तुटला तर स्टिक हलवून काही होत नाही, चित्रही गोठतं. तेव्हा ड्रोनकडे जीपीएस शाबूत असतं, म्हणून तो थोडं थांबून स्वतःच घरी, म्हणजे जिथून उडाला तिथे, निघतो. तुम्ही अँटेना त्याच्याकडे करून उभं राहायचं आणि वाट बघायची. नुसतं चित्र गेलं असेल तर डोळ्यांनी बघून उडवता येतं. सॅटेलाइट गेले असतील तर मात्र उलट: स्टिक चालते, चित्र दिसतं, पण घरी परत यायचं बटण निकामी होतं. ते दाबलं तर काही ड्रोन नकार देतात, काही आहेत तिथेच खाली उतरायला लागतात. खाली विहीर आहे की डीपी, हे ते बघत नाहीत. म्हणून या प्रसंगात त्या बटणाकडे बोट न्यायचंच नाही. नवीन माणूस नेमका तेच करतो. बटणावर घराचं चित्र असतं ना!

हा सिग्नल इतका नाजूक का? जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून निघालेली लहर आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा शेजारच्या मोबाइल टॉवरच्या तुलनेत ती नगण्य असते. जागा आणि उंची काढायला किमान ४ उपग्रह लागतात; बाकीचे अचूकपणा वाढवतात. आजचे बरेचसे ड्रोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू यांतलं एखाददुसरं पकडतात, म्हणून आकडा २० च्या पुढेही दिसतो. पण अडथळा किंवा गोंगाट अँटेनाच्या शेजारीच असेल तर २० काय आणि ३० काय, सगळे एकदम जातात.

माझ्या बाबतीत तेच झालं होतं. वरातीत ड्रोन उठून दिसावा म्हणून नवऱ्याच्या भावाने एलईडीची पट्टी आणली होती. मी ती ड्रोनच्या पाठीवर, नेमकी अँटेनाच्या डोक्यावर, चिकटपट्टीने लावली. जमिनीवर पट्टी बंद होती तेव्हा १४ सॅटेलाइट आले. वर गेल्यावर पट्टी पेटली, आणि पुढचं तुम्ही वाचलंत.

जमिनीवर असताना

अर्ध्या भानगडी उड्डाणाआधीच्या घाईतून होतात. पाहुणे खोळंबलेत, शेतकरी म्हणतोय "उडवा की आता", आणि आपण ४ सॅटेलाइटवर ड्रोन वर काढतो.

तसं करू नका. ड्रोन बरेच दिवस बंद असेल किंवा दूरच्या गावाहून आणला असेल, तर पहिल्यांदा लॉक व्हायला, म्हणजे पुरेसे सॅटेलाइट पकडायला, वेळ लागतो. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती ३० सेकंदांत मिळते, पण सगळ्या उपग्रहांचा पूर्ण तक्ता यायला साडेबारा मिनिटं लागतात. चहा येईपर्यंत ड्रोन मोकळ्या आभाळाखाली चालू करून ठेवा. माझा नियम १२ सॅटेलाइटचा आहे. ११ असतील तर मी थांबतो, पाहुणे कितीही चिडोत.

मग होम पॉइंट, म्हणजे ड्रोन ज्याला घर मानतो ती जागा. ती नोंदल्याचा आवाज आला की नकाशा उघडून बघा, घराची खूण तुम्ही उभे आहात तिथेच आहे का. एकदा सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत मी लॉक व्हायच्या आधीच उडवला. लॉक हवेतच झालं, आणि तेव्हा ड्रोन होता शेततळ्यावर. त्याने तेच आपलं घर मानलं. बॅटरी उतरल्यावर तो इमानदारीत घरी आला आणि प्लास्टिक अंथरलेल्या त्या पाण्यावर सावकाश खाली यायला लागला. मी परतीचं रद्द करेपर्यंत पाणी पंख्याच्या वाऱ्याने थरथरत होतं. त्यात त्याची काही चूक नव्हती.

ड्रोनमधल्या कंपासला, म्हणजे दिशा सांगणाऱ्या होकायंत्राला, लोखंड चालत नाही. गाडीच्या बॉनेटवरून, पत्र्याच्या शेडवरून, सळ्या भरलेल्या स्लॅबवरून, बोअरच्या केसिंग पाइपशेजारून ड्रोन उचलू नका. द्राक्षाच्या बागेत लोखंडी अँगल आणि तारांचा मंडप असतो, त्यापासूनही चार पावलं लांब या. जमिनीवर अंथरायला काही लागतंच, तर सोलापुरी चादर खरं तर छान आहे. तिची ठळक नक्षी ड्रोनच्या पोटातल्या कॅमेऱ्याला चांगली दिसते. फक्त चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा, नाहीतर चादर पंख्यात जाईल.

उठल्यावर ३ मीटरवर अर्धा मिनिट नुसता उभा ठेवा आणि अंगठे काढून बघा. सरकतोय का, गोल फिरतोय का? जे बिघडायचं ते इथे बिघडू दे.

आणि वारा बघा. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. अशा दिवशी काम आधी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पश्चिमेला करा. मग जीपीएस गेलंच तर वारा ड्रोनला तुमच्याकडे आणेल. पूर्वेला गेलात तर तोच वारा त्याला घेऊन जाईल. एवढी एक सवय लागली तरी या लेखाचं काम झालं. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र नांगरलेल्या काळ्या रानात वावटळ कुठून उठेल सांगता येत नाही. तेव्हा मी सकाळी १० नंतर ड्रोन पेटीतून काढत नाही.

गेलं! पहिले पाच सेकंद

अंगठे स्टिकवर ठेवा. उचलू नका. हे वाक्य रिमोटच्या मागे चिकटवून ठेवा.

वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असेल, तर अंगठे सोडलेला ड्रोन १० सेकंदांत सुमारे ५० मीटर जातो. अर्ध्या मिनिटात १५० मीटर. तेवढ्या अंतरावर लहान ड्रोन कावळ्याएवढाही दिसत नाही. म्हणजे "अरे हे काय झालं" म्हणण्यात जे ५ सेकंद जातात, तेच महाग पडतात.

पहिलं काम, नजर स्क्रीनवरून काढून आभाळात ड्रोनवर लावा. तो कोणत्या बाजूला सरकतोय ते बघा आणि उलट बाजूला स्टिक हळू दाबा. हळू म्हणजे पाव. तो मंदावला की थोडी सोडा, परत सरकला की परत द्या. नवीन माणूस पूर्ण स्टिक दाबतो, ड्रोन उलट दिशेने सुसाट सुटतो, मग माणूस घाबरून पुन्हा उलट दाबतो, आणि ड्रोन मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे धावायला लागतो. धोट्याला निदान पेटी असते.

आसपास झाड, तारा, मांडवाच्या कमानी असतील तर आधी थोडा वर घ्या, अडथळ्यांच्या डोक्यावरून. मोकळं असेल तर उलट खाली आणा, कारण वर वारा जास्त असतो. १५-२० मीटर ही बरी उंची. बॅरोमीटर चालू असल्यामुळे उंची तो स्वतः सांभाळतो, त्यामुळे डावा अंगठा बहुतेक वेळ मोकळा असतो; तुमची सगळी लढाई उजव्या अंगठ्याची.

एक इशारा. घाबरल्यावर माणसाचे दोन्ही हात आपोआप खाली ओढले जातात. काही ड्रोनवर दोन्ही स्टिक खाली आणि आत, किंवा खाली आणि बाहेर, एकदम ओढल्या की मोटारी बंद होतात. हवेत हे झालं तर मग खरंच पडतो. तुमच्या ड्रोनवर ही जोडी कोणती आहे ते माहितीपत्रकात आजच बघून ठेवा.

तोंड कुठे आहे?

ड्रोन थोडा ताब्यात आला की पुढचा प्रश्न हाच. त्याचं तोंड तुमच्याकडे असेल तर उजवी स्टिक उजवीकडे दाबल्यावर तो तुमच्या डावीकडे जातो. शंभर मीटरवर तोंड आणि शेपूट ओळखू येत नाही. नकाशावरच्या बाणावर विसंबू नका. त्याची जागा गोठलेली असते.

इथे कॅमेरा उपयोगी पडतो. जीपीएस गेलं तरी चित्र येतच असतं. कॅमेरा क्षितिजाएवढा वर उचला आणि डाव्या स्टिकने ड्रोन जागेवरच सावकाश फिरवा, ओळखीची खूण दिसेपर्यंत. आपल्या सपाट मुलखात खुणांची ददात नाही: गावाची पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, कारखान्याचं धुराडं, हायवेचा पूल. उडवण्याआधीच मनाशी ठरवून ठेवा की मी उभा आहे त्याच्या पाठीमागे कोणती खूण आहे. ती खूण चित्राच्या मधोमध आली म्हणजे ड्रोनचं तोंड तुमच्याकडे झालं. आता स्टिक पुढे दाबली की तो घरी येणार. वारा आडवा असेल तर खूण चित्रात एका बाजूला घसरत जाईल. तिला परत मधोमध आणत रहा.

खूण सापडलीच नाही तर जुनी युक्ती. स्टिक पुढे दोन सेकंद दाबा आणि डोळ्यांनी बघा, लहान होतोय की मोठा. लहान झाला तर तो दूर चाललाय. अर्धी गिरकी द्या आणि परत करा. सोबत कोणी असेल तर त्याला एकच काम द्या, ड्रोनवरून नजर हलवायची नाही आणि बोटाने दाखवत रहायचं. अडथळा जवळ आला की "दादा, वीज, झाड, घर" असं ओरडायला त्याला शिकवून ठेवा. सल्ले द्यायला नाही.

परत आणणं आणि उतरवणं

वाऱ्याविरुद्ध आणताना वेग कमी पडतो आणि बॅटरी भराभर उतरते. कमी बॅटरीवर आपोआप घरी येण्याची सोय या वेळी नाही. तो असेल तिथेच उतरेल. म्हणून बॅटरी ५०-६० टक्के असतानाच ठरवा: पोहोचेल की नाही? नाही वाटलं तर घरी आणायचा हट्ट सोडा आणि जवळची मोकळी जागा शोधा. नांगरट, पडीक माळ, खळ्याची जागा चांगली. ऊस नको, द्राक्षाचा मंडप नको, रस्ता तर नकोच. माणसं उभी आहेत तिथे कधीच नाही, मग ड्रोन कितीही महाग असो.

बहुतेक कॅमेरा ड्रोनच्या पोटाखाली आणखी एक कॅमेरा असतो जो जमिनीची नक्षी बघून जागा धरतो. साधारण १० मीटरच्या आत, उजेडात, दगडगोटे आणि ढेकळं असलेल्या जमिनीवर तो चांगला चालतो. त्यामुळे वर वाहत असलेला ड्रोन खाली आणल्यावर अचानक शहाण्यासारखा थांबतो, असं तुम्हाला दिसेल. पाण्यावर हे होत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या किंवा उजनीच्या पाण्यावर त्या कॅमेऱ्याला लाटा दिसतात, आणि तो लाटांबरोबर सरकतो. वाऱ्याने डोलणारा ऊस आणि ज्वारीही त्याला असंच फसवतात. अंधार पडल्यावर त्याला काहीच दिसत नाही. संध्याकाळची वरात म्हणूनच अवघड.

उतरवताना शेवटचे दोन मीटर रेंगाळू नका. जमिनीजवळ पंख्याचाच वारा उलटून ड्रोनला हलवतो, आणि तुम्ही नेम धरत बसलात की तो आडवा घासत उतरून कलंडतो. सरकणं जवळपास शून्य झालं की डावी स्टिक ठामपणे खाली, टेकल्यावरही खालीच धरून ठेवा मोटारी बंद होईपर्यंत. हातात पकडायचा मोह होईल. ॲटी मोडमध्ये तो पकडू नका. मी पकडला होता, तर्जनीला तीन टाके पडले.

मध्येच सॅटेलाइट परत आले तर? येतात बऱ्याचदा, विशेषतः अडथळा एखाद्या इमारतीचा किंवा टॉवरचा असेल आणि तुम्ही तिथून शंभरेक मीटर बाजूला आला असाल तर. तेव्हा ड्रोन एकदम ब्रेक लावतो, झटका जाणवतो. त्यावर लगेच विश्वास ठेवून कामाला लागू नका. १५ सेकंद आकडा टिकतोय का बघा, नकाशावर घराची खूण जागेवर आहे का बघा, आणि त्याला हातानेच घरी आणा. राहिलेलं शूटिंग दुसऱ्या बॅटरीवर.

जीपीएस दिसतंय, तरी ड्रोन वेडा झालाय

सॅटेलाइट १८ आणि ड्रोन मात्र गोल गोल घिरट्या घालतोय, घेर वाढत चाललाय: हा कंपासचा घोळ. जागा कळतेय पण दिशा चुकीची, म्हणून तो सावरायला जातो आणि आणखी चुकतो. रिमोटवर मोडचं बटण असेल तर ॲटीत किंवा ऑल्टहोल्डमध्ये टाका. तिथे तो जागा धरायचा प्रयत्नच सोडतो आणि घिरट्या थांबतात. बटण नसेल तर लगेच खाली. सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन आपल्याच जिल्ह्यातून निघते. ३१ डिसेंबर २०१३ ला तिच्यावरून दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तिचे मनोरे फ्रेममध्ये फार देखणे दिसतात. जवळ नेऊ नका. तेवढं पोलाद आणि तारा, त्यात ड्रोन चुकला तर नुकसान तुमच्या ड्रोनपुरतं राहणार नाही.

दुसरा प्रकार खोट्या सिग्नलचा. नकाशावर ड्रोन अचानक दुसऱ्याच ठिकाणी उडी मारतो, कधी आपण विमानतळावर आहोत असं समजून उतरायला लागतो. खूण एकच: डोळ्यांना दिसणारी जागा आणि नकाशावरची जागा जुळत नाही. डोळ्यांचं ऐका. मोठ्या पुढाऱ्याचा दौरा असेल किंवा वारीच्या काळात पंढरपुरात बंदोबस्त असेल तेव्हा जॅमर असू शकतात. त्या दिवशी ड्रोन घरी ठेवणं हाच उपाय, कारण पोलिसांची बंदीही बहुधा असतेच.

फवारणीवाल्यांसाठी

तुमचा ड्रोन वेगळा प्राणी आहे. १० लिटरची टाकी भरलेला ड्रोन २० किलोच्या पुढे जातो आणि पिकाच्या थोडाच वरून उडतो. त्याला गती आली की अंगठ्याने थांबवायला वेळ लागतो, शिवाय टाकीतलं पाणी हिंदकळून त्याला आणखी ढकलतं. आर्डूपायलटवर चालणाऱ्या यंत्रांत जागेचा हिशेब फिसकटला तर मूळ सेटिंगप्रमाणे ते जागेवर उतरायला लागतं. तेव्हाही उजव्या स्टिकने त्याला बाजूला सरकवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विक्रेत्याला घेतानाच विचारा: जीपीएस गेल्यावर हे काय करतं, आणि मोड बदलायचं बटण कुठलं? उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

प्रसंग आलाच तर पिकातच उतरवा. दहा झाडं मोडतील. बांधावर मजूर बायका जेवायला बसलेल्या असतात, तिकडे नेऊन "मोकळी जागा" शोधू नका.

सराव कसा करायचा

अडचण अशी, की डीजेआयच्या आताच्या मिनी मालिकेवर ॲटीचं वेगळं बटणच नाही. प्रसंग येतो तेव्हाच ॲटी भेटतो. काही जण अँटेनावर ॲल्युमिनियमचा कागद लावून सराव करतात. महागाच्या ड्रोनवर हे करू नका. दोन-तीन हजारांचा जीपीएस नसलेला खेळण्यातला ड्रोन घ्या. तो मुळात वाहणाराच असतो, म्हणून शिकवायला उत्तम. घरच्या हॉलमध्ये, मग वारा पडलेल्या सकाळी एखाद्या मैदानात. आधी शेपूट आपल्याकडे ठेवून एका विटेवर एक मिनिट थांबवा. मग तोंड आपल्याकडे. हे दुसरं जमायला मला आठ दिवस लागले, आणि माझ्या बहिणीच्या बारा वर्षांच्या पोराला एक दुपार. नंतर आठाचा आकडा. लॅपटॉप असेल तर सिम्युलेटरवर वारा चालू करून तेच करा. तिथे पडलेल्या ड्रोनचे पैसे लागत नाहीत.

आभाळातली कारणं

कधीकधी चूक कोणाचीच नसते. १० आणि ११ मे २०२४ ला सूर्यावरच्या स्फोटांमुळे मोठं चुंबकीय वादळ आलं, लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल प्रकाश दिसला, आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले. असं रोज होत नाही. पण आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ राहतो, आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य मावळल्यावर वरच्या थरातल्या विद्युतभारित हवेत बुडबुडे उठतात. त्यातून येणारा सिग्नल लुकलुकतो, आकडा वरखाली होतो. त्याच वेळी अंधारामुळे पोटाखालचा कॅमेराही आंधळा. दोन्ही कुबड्या एकदम जातात. चुंबकीय वादळाचा केपी आकडा दाखवणारी ॲप आहेत. ५ च्या वर असेल तर मी फक्त जवळचं, कमी उंचीचं काम घेतो.

परवानगीचं थोडक्यात

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या हिरव्या पट्ट्यात, ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि त्याच्या आत डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा आणि परवानगी बघितल्याशिवाय नाही. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झालीत. "इथं कुठं विमान येतंय" हे सोलापूरचं जुनं उत्तर आता चालणार नाही. जीपीएस गेलेला ड्रोन हद्दी ओळखत नाही, म्हणून शहराच्या त्या बाजूला हद्दीला चिकटून कामच घेऊ नका.

उतरल्यावर

बॅटरी काढण्याआधी फ्लाइट लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, साठवा. त्यात सॅटेलाइटचा आकडा कोणत्या सेकंदाला पडला ते दिसतं. काही सेकंदांत कोसळला तर अँटेनाची तार किंवा शेजारचा गोंगाट. हळूहळू उतरला तर इमारत, झाड किंवा आभाळ. पाठीवर लावलेलं सगळं काढा, जास्तीचा कॅमेरा, दिवा, स्टिकर. मग त्याच जागी जमिनीवर चालू करून आकडा बघा. कारण सापडेपर्यंत त्या दिवशी परत उडवू नका.

कोणाला लागलं किंवा नुकसान झालं तर डिजिटल स्कायवरून ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. नॅनो सोडून बाकी ड्रोनना तिसऱ्या पक्षाचा विमा बंधनकारक आहे. कागद पेटीतच ठेवा.

ड्रोन उसात गेला असेल तर लगेच आत धावू नका, सरी मोडते आणि मालक वैतागतो. चित्रातली शेवटची फ्रेम बघा, मागे कोणतं झाड होतं ते ठरवा, बांधावर दोन ठिकाणी उभं राहून पडलेल्या जागेकडे दोन रेघा धरा. त्या मिळतात तिथे जा. बॅटरी असेतोवर ॲपमधून पिपाणी वाजवता येते, ती शांततेत ऐकू येते. तरी नाही मिळाला तर मालकाला आणि मुकादमाला नंबर देऊन ठेवा. आमच्यातल्या एकाचा ड्रोन ऊसतोडीच्या टोळीला पाच महिन्यांनी सापडला. पंखे गेलेले, बॅटरी फुगलेली, मेमरी कार्ड मात्र चालू होतं. शेवटच्या क्लिपमध्ये दोन सेकंद आभाळ आहे, मग पाचट, आणि लांबून त्याचाच आवाज: "अरे थांब, थांब, थांब."